कानात आलेला देव

माझ्या सासरच्या माणसांनी लग्न व्हायच्या आधीच मला देव करून टाकलं होतं. थट्टा नाही करत. भर जत्रेत, सगळ्या गावासमोर होणारे सासरे माझ्या पाया पडले आणि कपाळाला एवढा भंडारा फासला की माझे डोळे उघडेनात. आणि मला नुसतं एवढंच ओरडून सांगायचं होतं की अहो, माझे कान दुखतायत!

पण आधी कानाचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही टोटल लागायची नाही.

चुलत भावाची वरात होती, आमच्याकडं वरवंडात. टेम्पोवर डीजे, पुढं पोरं, मागं आम्ही बायका. कुणीतरी गंमत म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्याखाली सुतळी बॉम्ब लावला. मी त्या डब्याला अगदी खेटून उभी. मला काय माहीत, मी आपली पदराची पिन लावत होते. धाड झालं म्हणतात सगळे. मला ते धाड ऐकूच आलं नाही! नुसतं सगळं पांढरं झालं. पोरं नाचत होती, तोंडं हलत होती, आणि माझ्या डोक्यात एकच, टींऽऽऽऽ. टीव्हीवरचे कार्यक्रम संपले की रंगीत पट्ट्या यायच्या ना, त्याच्याबरोबर जो आवाज यायचा, अगदी तो.

आई म्हणाली, "दडे बसल्यात. सकाळच्याला मोकळे व्हतील."

झाले नाहीत. आत्ता हे टाईप करतीये तेव्हापण टीं चालूच आहे.

बरं, टीं एक वेळ चाललं असतं. सकाळी आईनं बशीवर कप ठेवला आणि मी किंचाळले! नुसता कप हो. किडलेल्या दाढेवर गार पाणी लागलं तर कशी कळ जाते, तशी कळ, पण कानातून आत, पार जबड्यापर्यंत. मला वाटलं काहीतरी टोचलं. मग आईनं घाबरून हातातली ताटली खाली टाकली, आणि मी खालीच बसले.

आप्पा, म्हणजे माझे वडील, दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "आवाज कसा दुखंल गं? आवाजाला काय धार असती व्हय?"

पण असते. धार असते. स्टीलच्या भांड्यांना असते, नळाला असते, प्लॅस्टिकच्या पिशवीच्या चुरचुरीला तर इतकी असते की मी दुकानात जायचं सोडलं. मी तेव्हा दौंडला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायला होते. पोरं धडाधडा कीबोर्ड बडवायची, लाईट गेली की यूपीएस पीं पीं करायचे, आणि वर स्टेशन जवळ, इंजिनांचे भोंगे! सहा आसनी रिक्षानं घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी. मी दोन्ही कानांत कापूस कोंबायचे आणि वरून स्कार्फ बांधायचे. आमच्याकडं धुळीमुळं सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात, त्यामुळं कुणाला संशय आला नाही. शेवटी क्लास सोडला. सरांना सांगितलं कावीळ झालीय. हे आईनं शिकवलेलं.

कारण माझी सुपारी फुटली होती.

आता आलं का लक्षात? लग्न ठरलेली पोरगी, आणि तिला काहीतरी झालंय, आणि काय झालंय ते डॉक्टरलापण कळेना. आईला तर नुसतं लोकांचं तोंड दिसत होतं. "लगीन हुईस्तोवर कुणाला एक शबुद बोलायचा न्हाई. पोरीच्या कानात खोट हाय म्हणलं की झालं. आपल्या दारात परत कोण येतंय?"

आणि स्थळ कुठलं? शिरूर तालुक्यातलं. आणि कसलं? गजढोलवाल्यांचं! आम्ही धनगर. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी माणसं, आता शेती करतो, पण देवापुढं ढोल घुमवायचा मान काही काही घरांत अजून चालत आलाय. आणि माझं सासर म्हणजे त्या पट्ट्यातलं सगळ्यांत नावाजलेलं घर. पत्र्याच्या शेडमध्ये रांगेनं ढोल टांगलेले, एकेक ढोल बसलेल्या वासराएवढा. होणारे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते म्होरके. आणि ज्यांच्याशी माझं ठरलं होतं ते (नाव घेत नाही, आपल्यात घेत नाहीत) सणसवाडीच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर, आणि सुट्टीच्या दिवशी ढोलावर.

म्हणजे अख्ख्या पुणे जिल्ह्यात मला हेच घर मिळावं!

ते आप्पांच्या मोबाईलवर फोन करायचे. मी फोन हातभर लांब धरून बोलायचे, कानाला लावताच यायचा नाही. ते म्हणायचे, "तुमचा आवाज लांबनं येतोय. रागावलाय का?" मी काय सांगू?

घरात मात्र सगळ्यांनी माझ्यासाठी काय काय केलं! स्टीलची ताटं माळ्यावर गेली, प्लॅस्टिकची आली. आईनं बांगड्या काढून हातात नुसता दोरा बांधला. आमच्याकडं थोडी मेंढरं आहेत अजून, त्यात पुढं चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यात घंटा. आप्पांनी त्या घंटेत चिंधीचा बोळा कोंबला. आणि सगळ्यांत कहर म्हणजे भाकरी! भाकरी थापायचा आवाज मला सोसेना, म्हणून आई रोज पोळ्या लाटायला लागली. आमच्या घरात पोळी म्हणजे सणाला. आप्पा काही दिवस गप जेवले, मग म्हणाले, "रोज काय पाव्हणं येत्यात का? माझं पोट फुगलंय ह्या पोळ्यांनी."

"मग घ्या की तुमच्या हातानं थापून, आवाज न करता," आई म्हणाली, तीपण कुजबुजत. भांडणसुद्धा कुजबुजत व्हायचं.

दौंडच्या कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बॅटरी लावून बघितलं. पडदा शाबूत. मग त्यांनी एका खोलीत बसवून, हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवले, ऐकू आला की बटण दाबायचं. मी दर वेळी बटण दाबलं. बाहेर आले तर डॉक्टर हसतायत. "रिपोर्ट एकदम नॉर्मल! उलट फार चांगलं ऐकू येतंय हिला."

मी हादरले. नॉर्मल? मी म्हटलं, "डॉक्टर, मला कपबशीचा आवाज सहन होत नाही."

"टेन्शन. लग्न ठरलंय ना? होतं असं."

आई इतकी खूश झाली की डॉक्टरांच्या टेबलाला हात लावून पाया पडली. "बघ! काय न्हाई तुला. डॉक्टर म्हणलं काय न्हाई." आणि मी बाहेर येऊन स्कार्फ बांधला आणि विचार करत राहिले की मग हे दुखतंय ते कुणाचं?

तर अशात चैत्रातली जत्रा आली. सासरच्या गावच्या बिरोबाची. निरोप आला, होणाऱ्या सूनबाईला देवदर्शनाला घेऊन या. मी म्हटलं, मी नाही येणार. आई म्हणाली, "न्हाई म्हणलं तर का न्हाई म्हणून इचारतील. घटकाभर जायाचं, पाया पडायचं, निघायचं. ढोल संध्याकाळी असतो."

जीपनं गेलो. चौफुला, केडगाव, पारगावचा पूल, न्हावरा. कापूस आत, स्कार्फ वर, आणि खिडकी बंद. गेलो तर ढोल दुपारीच सुरू! कुणीतरी मोठी माणसं येणार होती म्हणून वेळ अलीकडं आणली होती.

मी जीपमधून उतरायलाच तयार नव्हते. तर होणाऱ्या सासूबाई स्वतः आल्या, त्यांना मी आत्या म्हणते. हाताला धरून म्हणाल्या, "आगं बाई, देवाम्होरं फडकं बांधून येत्यात व्हय? सोड ते. पदर घे." आणि हसत हसत त्यांनी माझा स्कार्फ सोडला. कापूस केसांखाली होता म्हणून दिसला नाही. पण ढोलापुढं कापूस म्हणजे पुरापुढं चाळणी.

आणि मग यांनी मला बघितलं. रिंगणात होते, पांढरं धोतर, डोक्याला फेटा, गळ्यात ढोल. मला बघितलं आणि चेहरा असा उजळला, आणि कौतुकानं, माझ्या कौतुकानं बरं का, रिंगण सोडून नाचत नाचत थेट माझ्यापुढं आले आणि जीव तोडून वाजवायला लागले. त्यांच्यामागून बाकीचे. सगळे ढोल माझ्याभोवती. झांजा वर. मला वाटलं ह्या माणसानं मला मारायचंच ठरवलंय!

त्यापुढचं तुटक तुटक आठवतं. मी गुडघ्यावर. हात कानांवर. केस सुटलेले. अंग थडथड उडत होतं. आणि मी ओरडत होते, बास! बास करा! बास!

आणि आत्यांचा आवाज, त्या सगळ्या कल्लोळाच्या वर, "आलं! आगं बाई, वारं आलं! माझ्या सुनंच्या अंगात वारं आलं!"

वारं म्हणजे देव. अंगात देव आला. झालं! बायका हात जोडून पुढं, भंडाऱ्याची उधळण, "चांगभलं"चा गजर. आणि आमच्यात पद्धत अशी की एकदा वारं आलं की ढोल थांबवायचा नसतो. उलट वाढवायचा, देव बोलेपर्यंत. मी जितकी ओरडतीये तितका ढोल जोरात, आणि ढोल जितका जोरात तितकी मी ओरडतीये. मला तेव्हा खरंच वाटलं की मी मरणार आणि हे लोक आनंदानं बघणार.

मग आबा पुढं आले, माझ्या पायांवर डोकं टेकवलं आणि म्हणाले, "बोल देवा. काय चुकलं आमचं?"

मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून किंचाळले, "गप बसा सगळे!"

आणि सगळे गप बसले.

अख्खी जत्रा. ढोल, झांजा, पाळणेवाला, भेळवाला, पोरंटोरं. सगळं गप. मला इतकं बरं वाटलं, इतकं, की मी हमसून हमसून रडायला लागले. मला रडताना बघून बायका रडायला लागल्या. मी म्हटलं, "पाणी." तर त्यांनी कळशीभर पाणी आणून माझ्या पायांवर ओतलं! मला प्यायला हवं होतं हो!

परतीच्या जीपमध्ये मी स्कार्फ पुन्हा घट्ट बांधला. पारगावचा पूल मागं पडला आणि आई म्हणाली, हळूच, "बरं झालं."

"काय बरं झालं?" आप्पा.

"आता कानाचं सांगायची गरजच न्हाई. वारं येतं म्हणायचं. कान दुखणारी सून कुणी ठिवून घेत न्हाई. देव येणाऱ्या सुनंच्या पाया पडत्यात."

आप्पा मागं वळले. "आन् दर जत्रंला हिला असंच ढोलाखाली घालून मारायची व्हय?"

खरं सांगू का, मला क्षणभर आईचंच पटलं होतं. लग्न होईल, मोडणार नाही. मग लक्षात आलं की मला जन्मभर देव राहावं लागेल, आणि मला एकदम थंडी वाजली, चैत्राच्या उन्हात.

नंतर तर वाढतच गेलं. देव आपल्यावर रागावला म्हणून आबांनी म्हणे विडी सोडली. शिरूरकडची एक बाई तापलेलं लेकरू घेऊन थेट वरवंडात आमच्या दारात आली, त्याला भंडारा लावा म्हणून. मी म्हटलं, "अगं दवाखान्यात ने त्याला, आत्ताच्या आत्ता!" तर तिनं हात जोडले, "देवच म्हणतोय तर नेते." आणि नेलं! मी सुन्न. आणि मग निरोप आला की लग्न दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की, आणि सून देवाची आहे म्हणून हळदीला आणि लग्नाला शेजारपाजारच्या गावांतलेपण ढोल सांगितलेत.

सगळे! आमच्या मांडवात!

मी आप्पांना म्हटलं, मला दुसरा डॉक्टर पाहिजे, नाहीतर लग्न नको. क्लासच्या सरांनी (त्यांना शेवटी खरं सांगितलं, ते म्हणाले, कावीळ झालेली माणसं कान झाकत नाहीत, मला तेव्हाच वाटलं होतं) पुण्यातल्या एका मॅडमचा पत्ता दिला. त्या नुसत्या ऐकण्याच्याच तपासण्या आणि उपचार करतात. मी, आई, आप्पा गेलो.

मी आत पाऊल टाकलं आणि मॅडमनी पंखा बंद केला, मोबाईल बंद केला, आणि इतक्या हळू बोलल्या की मी चक्रावलेच. म्हणाल्या, "मी बोलते तेवढं सहन होतंय का? नाहीतर आणखी हळू बोलते."

मला रडूच आलं. इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि नाव निघालं त्याला! टींला टिनिटस म्हणतात, आणि दुखतं त्याला हायपरॲक्युसिस. मी ते चार वेळा म्हणायला लावलं. म्हणजे जगात आणखी कुणालातरी होतं हे? "होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि रिपोर्ट बऱ्याचदा नॉर्मलच येतो. तो रिपोर्ट कमी ऐकू येतं का ते बघतो. तुझी तक्रार उलटी आहे."

आईनं मॅडमकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तोंडाला पदर लावला.

मग मॅडमनी विचारलं, घरी काय काळजी घेता? आप्पा इतक्या अभिमानानं सांगायला लागले! चिंधीचा बोळा सांगितला, प्लॅस्टिकची ताटं, पोळ्या, कुजबुजणं, दिवसभर कापूस. "आमच्या घरात टाचणी पडली तरी आमी ती कापसावर पाडतो बघा," आप्पा म्हणाले.

मॅडमनी हातातलं पेन हळूच खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही फार माया केली. पण त्या मायेमुळंच ते वाढलं."

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. माझंपण.

मॅडमनी समजावलं. अंधाऱ्या खोलीत महिनोन् महिने बसलं आणि एकदम उन्हात आलं तर साधं ऊनपण डोळ्यांत घुसतं. तसंच कानाचं. बाहेर आवाज नाही म्हटल्यावर डोकं आतला आवाज वाढवत नेतं, रेडिओचं बटण पिळल्यासारखं, आणि मग आलेला प्रत्येक आवाज मोठा, आणि टींपण मोठं. कापूस काढायचा, घरात तरी. रेडिओ लावायचा, पण दोन स्टेशनांच्या मधे, नुसती खरखर येते तिथं, अगदी बारीक, दिवसभर. मग हळूहळू वाढवायची. भाकरी परत सुरू, आधी लांबून. ढोल, डीजे, फटाके अशा खऱ्या मोठ्या आवाजाला मात्र कान झाकायचे, आणि ते सगळ्यांनीच.

"कधी बरं होईल?" मी.

"महिने लागतील. वर्षपण. दुखणं कमी होईल असं मला वाटतं. टीं जाईलच असं मी सांगणार नाही."

आप्पा घरी आल्या आल्या गोठ्यात गेले आणि घंटेतला बोळा उपटून काढला. मग मेंढीला घेऊन पार बांधाच्या पलीकडं जाऊन उभे राहिले आणि तिथून मला हातानं विचारत होते, ऐकू आलं का, दुखलं का. मी हातानंच सांगितलं, थोडं. ते आणखी दहा पावलं मागं गेले.

खरखर पहिले काही दिवस मला अजिबात सोसली नाही. पण मग एक दिवस पाऊस येऊन गेल्यावर आई चुलीपुढं बसली, म्हणाली, "एकच थापते," आणि थापली. दुखलं. पण जबड्यापर्यंत नाही गेलं. आप्पांनी ती भाकरी नुसती मिठाला लावून खाल्ली, इतके आधाशासारखे की आम्ही दोघी बघत राहिलो.

आता राहिलं सासर.

गुरुवारी यांच्या कंपनीला सुट्टी. मी फोन केला, या म्हटलं. ते आले, गोठ्याजवळ खाटेवर बसले. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, डब्यापासून पुण्यापर्यंत. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी तवा देव न्हवता?"

"नव्हता."

"मग काय होतं?"

"तुम्ही होतात. तुमचा ढोल."

त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. खरंच, दिसलं उतरलेलं. "मी तुमच्यासाठी वाजवत व्हतो," म्हणाले. "मला वाटलं तुम्हाला आवडंल." मग पायातल्या चपलेकडं बघत, "आईनं नवस फेडला तुमच्या नावानं. आबांनी विडी सोडली."

"मग मी काय करू? लग्न मोडायचं असेल तर मोडा. पण मी त्या ढोलांत नाही बसणार, आणि देव म्हणूनपण नाही राहणार."

"मोडायचं कोण म्हणतंय," ते म्हणाले. "पण घरी मी न्हाई सांगणार. मला सांगताच यायचं न्हाई. तुम्ही सांगा, मी शेजारी बसतो."

आणि बसले. पुढच्याच गुरुवारी आबा आणि आत्या लग्नाचं बोलायला आले तेव्हा मी चहा देऊन तिथंच बसले आणि सांगितलं. आईनं मधेच उठून आत जाऊन दार लावून घेतलं. आत्यांचा चेहरा तर बघवेना.

"म्हंजी पोरीत खोट हाय, आन् तुमी लपवली," आत्या आप्पांना म्हणाल्या. "आन् वर देवाची थट्टा. माझं समदं गाव हिच्या पाया पडलं. मी पडले! माझ्या सासूच्या पायाला मी इतकं डोकं लावलं न्हाई!"

आप्पा हात जोडून उभे. मला वाटलं संपलं. टीं इतकं वाढलं होतं की मला पुढचं नीट ऐकूपण येईना.

आबा मात्र माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "काय वाजतं म्हणलीस कानात?"

"टीं असं. बारीक."

"कवा कवा?"

"सारखं. झोपेतून उठले तरी असतं."

"मग?" आबा म्हणाले.

"मग म्हणजे?"

"मग त्यात काय? ते समद्यांलाच वाजतं की."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

"माझ्या कानात सूं वाजतं. मधाच्या पोळ्यावरच्या माश्या असत्यात ना, तसं. माझ्या बापाच्या घंटी वाजायची. थोरल्या भावाच्या आगगाडी. ती काय खोट हाय व्हय? ते असतंच माणसाला."

"माझ्या पण शिट्टी वाजती," हे म्हणाले. "मला वाटलं कंपनीमुळं."

"आवो, मला न्हाई वाजत!" आत्या.

आबा वळले. "तुला न्हाई वाजत?"

"न्हाई बाई."

"काहीच न्हाई? रानात एकलीच बसलीस, वारं न्हाई, जनावर न्हाई, माणूस न्हाई. तवा काय ऐकू येतं?"

"काय यायचंय? काहीच न्हाई. गप असतं."

"गप असतं," आबा म्हणाले. मग थोड्या वेळानं परत, "गप असतं म्हंजी कसं?"

आत्यांनी एकदोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. एवढा मोठा माणूस, लहानपणापासून गळ्यात ढोल, आणि त्याला आत्ता, आमच्या ओसरीवर, हातात चहाची कपबशी घेऊन कळत होतं की बाकीच्या जगाला शांत ऐकू येतं. त्यांच्या हातातली बशी थरथरत होती आणि मला तो आवाज दुखत होता, पण मी कान झाकले नाहीत. कसे झाकणार?

आत्यांचा राग एका बैठकीत गेला असं नाही. "पण लोकांला काय सांगायचं?" हे त्या जाईपर्यंत म्हणत होत्या. आणि ढोल बंद तर ठेवताच येत नव्हता. आमच्यात ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं असतं त्याच घरचं लग्न वाजंत्रीशिवाय होतं. शेवटी आबांनीच तोडगा काढला. ढोल वाजणार, पण मांडवात नाही, आमच्या गावच्या कॅनॉलच्या पलीकडच्या माळावर. ज्याला विचारायचंय त्यानं आबाला विचारावं. मंगलाष्टका माईकशिवाय. भटजी रुसले, म्हणाले मागच्यांना ऐकू जाणार नाही. आबा म्हणाले, "मागल्यांनी म्होरं यावं."

आणि आबांनी यांच्यासोबत पुण्याला मॅडमकडं जाऊन तपासणीपण केली, लग्नाच्या आधी. मॅडमनी पाठीमागं उभं राहून त्यांना हाक मारली, साध्या आवाजात. आबा भिंतीकडं बघत बसून राहिले. यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा यांचा आवाज फुटत होता. "आबा आमची तोंडं बघून बोलणं वळखतात. इतकी वर्षं. आमाला कुणाला कळलंच न्हाई."

लग्नाच्या दिवशी मी कानांत मॅडमनी दिलेले बूच घातले आणि मांडवात बसले. कॅनॉलच्या पलीकडून ढोल सुरू झाला. छातीत आला आधी, मग कानात. दुखलं का? हो, थोडं. घाम फुटला, मी आईचा हात घट्ट धरला. पण पळाले नाही. अंगात काही आलं नाही. बायका आशेनं माझ्याकडं बघत होत्या, एकीनं तर भंडारा तयार ठेवला होता!

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि मग हे मला म्हणाले, चला, लांबून बघा तरी. कॅनॉलच्या अलीकडच्या काठापर्यंत नेलं. पलीकडं रिंगण धरलेलं. मी फेटे बघत होते, धोतरं बघत होते, आणि मग मला दिसलं. आधी खरंच वाटेना. मी यांच्याकडं बघितलं, हे गालातल्या गालात हसत होते.

कंपनीत कामगारांना फोमचे पिवळे बूच देतात, कानात घालायला. कुणी घालत नाही, बायकी वाटतं म्हणतात, खिशातच राहतात. यांनी मित्रांकडून ते गोळा करून आणले होते आणि आबांनी म्होरक्या म्हणून हुकूम सोडला होता. रिंगणातल्या प्रत्येक बाप्याच्या कानात, फेट्याच्या खाली, पिवळं बूच. सगळ्यांच्या अंगावर भंडारा, त्यामुळं पिवळ्यात पिवळं, गावाला पत्तासुद्धा नाही. आणि सगळ्यांत पुढं आबा, कानात बूच घालून, डोळे मिटून, जीव तोडून वाजवत होते.